पडताळणी

आमच्या कार्यालयात जंगल लाल असतं.
पहिल्या दिवशी मी दचकलेच होते,
अख्खा नागपूर जिल्हा पडद्यावर पेटल्यासारखा.
टेंभेकर सर म्हणाले, जितकं लाल तितकं हिरवं.
आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड पानं परत पाठवतात,
त्याला आपण एक रंग देतो,
काहीतरी द्यावाच लागतो म्हणून.
पाणी काळं. शहर निळसर राखाडी.
याला अकरा वर्षं झाली.
आता सेमिनरी हिल्स उतरताना
झाडं हिरवी दिसली की क्षणभर वाटतं,
कोणीतरी बँड चुकीचे लावलेत.

यंदा ऐन नवतपात
उमरेडच्या पलीकडे तीन काळे पिक्सेल निघाले.
यादीत तिथे तलाव नाही.
जुन्या टोपोशीटवर एक पायवाट, आणि तिरकं लिहिलेलं 'झुडपी जंगल'.
पाणी काळं, कोळसा काळा, सावलीही काळी,
इतक्या उंचावरून कोण कोणाचं, सांगवत नाही.
म्हणून जीप, डबे, आणि कोडापे ड्रायव्हर,
ज्यांनी पाण्याची कॅन ओल्या दुपट्ट्यात
तान्ह्या लेकरासारखी गुंडाळून घेतली.

सर वाटेत दर वेळचंच सांगतात,
आपलं नागपूर शिवणीवर बसलंय,
पश्चिमेला लाव्हा, पूर्वेला त्याहून कितीतरी म्हातारा दगड.
असं बोलतात की वाटावं, दोन सोयऱ्यांची भांडणं आहेत
आणि मिटवायला यांनाच बोलावलंय.

जीपीएस वाजला तिथे एक खड्डा होता.
सोडून दिलेली खदान. पायऱ्या पायऱ्यांचे काठ,
तळाशी शिळ्या चहाच्या रंगाचं पाणी.
मी पोलादी फितीला खडू लावून सोडली,
ओला खडू वाचला: चार मीटर दहा.
सरांनी दगड फोडला, हुंगला, पिशवीत टाकला.
मग खाली बघितलं आणि काही बोलले नाहीत.

चिखलात वाघिणीचे पंजे.
शेजारी दोन लहान, मध्येच धावलेले, मध्येच घसरलेले.
त्यांच्यावरून एक अनवाणी टाच,
टाचेवर पुन्हा पंजा,
आणि त्या सगळ्यांच्या पुढे, अगदी पाण्याशी,
गुंडाच्या बुडाची गोल खूण.
साडेतेवीस मीटरचा आमचा एक पिक्सेल,
त्यात हे सगळं मावलं होतं
आणि वरून काळं दिसत होतं.

"याले काय लिहान मॅडम, पानी का खदान?"
एकच कोड लिहिता येतो, मी म्हटलं.
"एकच?"
कोडापे स्टेपनी ठोकून बघत होते.
"माह्या मामाचं गाव व्हतं ना अठीच, वर,
ते तुमच्या नकाशात लाल हाये आता."
राग नव्हता त्यात. हवा कमी आहे,
असं सांगावं तसं सांगितलं.
मग आम्ही तिघांनी सावलीत डबे सोडले.
माझ्याकडची आंबाडीची भाजी त्यांना आवडली.

परत आल्यावर कूलरसमोर बसून फॉर्म भरला.
वर्ग: जलसाठा. उपवर्ग: खाणीतील.
अक्षांश, रेखांश, खोली, तारीख.
प्राणी असल्यास वेगळा विभाग, वेगळा अर्ज.
माणसं असल्यास, काही नाही.
शेवटी शेऱ्याचा रकाना, त्यात मोजकीच अक्षरं बसतात.
मी लिहिलं, पाणी आहे, कोणीतरी पितं.
यंत्राने जतन केलं:
'पाणी आहे, कोणीतरी'

तसंच राहू दिलं.
रात्री क्वार्टरच्या नळाला पेंचचं पाणी आलं,
पडद्यावर तेही काळंच.
मी माठ भरला, ओट्यावर ठेवला,
उचलला तेव्हा खाली गोल ओलं उमटलं होतं.
पुसायला फडकं घेतलं
आणि ते वाळेपर्यंत हातातच धरून उभी राहिले.